धागा: पाप, पश्चात्ताप आणि भरपाई – उपवासकाळाच्या अभ्यासवर्गासाठी नेमकी माहिती हवी (कोल्हापूर)

अभ्यासवर्ग_शाहूपुरी (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. राखेच्या बुधवारनंतर, म्हणजे उपवासकाळ सुरू झाल्यावर, दर गुरुवारी संध्याकाळी, असे सहा वर्ग घ्यायचे ठरले आहेत. विषय पाप, पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त. बसणारी माणसं सरमिसळ आहेत. जुन्या प्रेस्बिटेरियन वळणाच्या मंडळ्यांतली बरीच, उत्तर भारत मंडळीतली काही, दोन-तीन कॅथलिक कुटुंबं, आणि नव्यानेच वचन ऐकायला येणारी तरुण मुलं. या मुलांच्या घरी प्रायश्चित्त म्हणजे उपास, स्नान, दान असा अर्थ रूढ आहे.

प्रश्न आत्ताच यायला लागलेत. ख्रिस्ताने वधस्तंभावर सगळं फेडलं, तर माणसाने पुन्हा भरपाई का करायची? कबुली कोणासमोर द्यायची? शेजाऱ्याचा बांध कोरला असेल तर नुसती प्रार्थना पुरते का? आणि पूर येतो तो पापामुळे येतो का? गोलगोल उत्तरं नकोत. बायबलची ओवी (वचन), पायरी, हिशेब, जे असेल ते स्पष्ट लिहा.

लेवीय_वाचक

पहिला वर्ग बायबलमधल्या लेवीय 6 च्या सुरुवातीच्या सात ओव्यांवर घ्या. लोक लेवीय म्हटलं की पानं उलटून पुढे जातात, पण तुमच्या बहुतेक प्रश्नांची मुळं तिथेच आहेत.

प्रसंग असा. कोणी ठेव ठेवायला दिली आणि ती नाकबूल केली, किंवा लुबाडलं, किंवा सापडलेली वस्तू दाबून ठेवून वर खोटी शपथ घेतली. नियम सांगतो की मूळ वस्तू परत द्यायची, तिच्यात पाचवा हिस्सा घालायचा, आणि हे सगळं ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. कधी? दोषार्पण आणायच्या त्याच दिवशी. त्यानंतर निर्दोष मेंढा याजकाकडे न्यायचा, आणि मग क्षमा. म्हणजे 10,000 रुपये दाबले असतील तर 12,000 देऊन मगच वेदीकडे वळायचं.

इथे वर्गात एक गोष्ट नक्की दाखवा. निर्गम 22 मध्ये चोर पकडला गेला तर दंड कितीतरी जड आहे. जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. कापलं किंवा विकलं असेल तर मेंढरामागे चार मेंढरं, बैलामागे पाच बैल. पण जो स्वतःहून दोष कबूल करतो त्याला मूळ अधिक पाचवा हिस्सा. नियमशास्त्राने आपण होऊन परत येणाऱ्यासाठी दार मुद्दाम रुंद ठेवलंय. लपवून ठेवलेलं पाप बाहेर काढायला माणूस घाबरतो ते नेमकं इथेच, म्हणून हा फरक फळ्यावर आकडे लिहून दाखवा.

गणना 5:7-8 जोडीला घ्या. नुकसान सोसलेला माणूस मेला असेल तर भरपाई त्याच्या जवळच्या नातेवाइकाला. नातेवाईकही नसेल तर ती परमेश्वराची, म्हणजे याजकाकडे. ‘तो माणूसच राहिला नाही, आता काय करणार’ ही पळवाट तेव्हाच बंद केलेली आहे.

गरिबीची सबबही चालत नाही. लेवीय 5 मधल्या पापार्पणात कोकरू परवडत नसेल तर दोन पारवे, तेही नसतील तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ, साधारण दोन लिटरचं माप. त्यावर तेल नाही, धूप नाही. क्षमा मात्र तितकीच पूर्ण.

दुसऱ्या वर्गात लेवीय 16. सातव्या महिन्याचा दहावा दिवस. महायाजक भरजरी पोशाख उतरवून साध्या तागाच्या वस्त्रात आत, परमपवित्रस्थानात, जातो. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी दोन बकरे. एकाचं रक्त दयासनावर (कराराच्या कोशाच्या झाकणावर) आणि दयासनासमोर सात वेळा शिंपडायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापं मोठ्याने कबूल करायची आणि त्याला रानात सोडायचं. दोन बकरे का, हा प्रश्न मुलं विचारतीलच. एकाने शुद्धीकरण होतं, दुसऱ्याने पाप वस्तीबाहेर जातं. दोन्ही डोळ्यांना दिसलं पाहिजे म्हणून दोन. इब्री लोकांस पत्राचे 9 आणि 10 हे अध्याय याच विधीचा अर्थ ख्रिस्तात उलगडतात. महायाजक दरवर्षी आत जायचा, ख्रिस्त एकदाच गेला, आणि तोही स्वतःचं रक्त घेऊन.

आता तुमचा पहिला प्रश्न. देवापुढचा दोष ख्रिस्ताने वाहिला. शेजाऱ्याच्या खिशातून गेलेले पैसे शेजाऱ्याच्या खिशात परत गेले का, हा हिशेब वेगळा आहे आणि तो अजून उघडा आहे. जकातदार जक्कयाचा क्रम पाहा (लूक 19). येशू आधी त्याच्या घरी उतरला, त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. त्याला पाचवा हिस्साही चालला असता! तारण विकत घेण्यासाठी त्याने ते दिलं नाही. तारण घरात आलं म्हणून त्याची मूठ सुटली.

उसाचा_फड

लेवीय_वाचक, पाचव्या हिश्श्याचं लई नेमकं सांगितलंत. बांधाचं मी मांडतो, कारण आपल्याकडं करवीर, कागल, पन्हाळा, कुठंबी जावा, ह्यो प्रश्न घराघरात हाय. अनुवाद 19:14 आणि 27:17 काढा. शेजाऱ्याची शीव सरकवणाऱ्यावर शाप सांगितलाय, आणि सगळ्या लोकांनी त्याला आमेन म्हणायचं हाय.

बांध एका रात्रीत कोरत न्हाईत. दर नांगरटीला चार बोटं, दर सरीला एक ढेकूळ. धा वर्सांनी बघावं तर तीन फूट आत. म्हणून माणसाला ते पाप वाटतच न्हाई, त्याला वाटतं बैलानंच ओढलं.

हिशेब करून बघा. बांध 330 फूट लांब आणि सरकलाय 3.3 फूट. गुणाकार 1089 चौरस फूट, म्हंजे बरोबर एक गुंठा. एकरी 40 टन ऊस धरला तर गुंठ्याला वर्साला एक टन. धा वर्सं खाल्लं तर 10 टन. टनाला समजा 3,000 धरला तर 30,000 रुपये. त्यात पाचवा हिस्सा 6,000. एकूण 36,000 रुपये, आणि गुंठा परत तो वेगळाच. मशागतीचा, खताचा, तोडणीचा खर्च त्यातून कापायचा का? माझं मत, कापाकापी आपण करायची न्हाई. पूर्ण आकडा घेऊन जायचं. शेजारी म्हणाला खर्च वजा करा, तर ती त्याची माया.

पायऱ्या अशा. आधी शेजाऱ्याकडं जायचं, एकटं. मग दोघांनी मिळून तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा, फी आपण भरायची. भूकरमापक येऊन खुणा दावल, ‘क’ प्रत, म्हंजे मोजणीचा नकाशा, मिळंल, त्या खुणांवर दगड रोवायचे. सातबारावर क्षेत्र पहिल्यापास्नं बरोबरच असतंय, म्हणून नवा दस्त करायची गरज पडत न्हाई. बिघडतंय कुठं? माणूस मोजणी आधी आणतो आणि माफी नंतर मागतो. मग शेजाऱ्याला वाटतं ह्यो दावा लावाय आला, आणि भांडण कोर्टात जातंय. आधी तोंडानं सांगायचं, की मी कोरलाय.

वेदीजवळ

कॅथलिक कुटुंबं वर्गात आहेत म्हणून कबुलीसंस्काराची बाजू लिहिते. आमच्यात गोव्याकडून, सिंधुदुर्गातून आलेल्या घरांत अजून ‘कुमसार’ हाच शब्द चालतो.

संस्काराचे भाग चार: मनापासून पश्चात्ताप, तोंडाने कबुली, धर्मगुरूंकडून पापमोचन, आणि दिलेलं प्रायश्चित्त पूर्ण करणं. यातला पहिला नसेल तर बाकीचे तीन पोकळ. गंभीर पाप कशाला म्हणायचं याच्या तीन अटी आहेत आणि तिन्ही एकत्र लागतात: बाब गंभीर असली पाहिजे, ती पूर्ण माहीत असली पाहिजे, आणि स्वेच्छेने केलेली असली पाहिजे. झोपेत, धाकदपटशाने किंवा अजाणता घडलेलं यात बसत नाही. गंभीर पापं प्रकार आणि संख्येसकट सांगायची, आणि वर्षातून निदान एकदा. हा वर्षाचा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून आहे.

तयारीला पंधरा-वीस मिनिटं शांत बसा आणि दहा आज्ञा एकेक करून स्वतःला लावा. आत गेल्यावर मागची कबुली कधी झाली ते सांगा, मग सरळ पापं. ‘मी वाईट आहे फादर’ एवढं पुरत नाही, आणि अर्धा तास कहाणीही नको. ‘कामगारांचा ओव्हरटाइम तीन महिने दिला नाही’ हे नेमकं वाक्य. सर्वांत मोठी चूक होते ती दुसऱ्यांची पापं सांगण्यात: सासू अशी, नवरा तसा. दुसरी चूक म्हणजे एक मोठं पाप मुद्दाम गाळून बाकीची दहा सांगणं. तसं केलं तर ती कबुलीच वैध राहत नाही. खरंच विसरलं असेल तर मात्र घाबरू नका. त्याचीही क्षमा झालेली असते, पुढच्या वेळी सांगायचं. दिलेलं प्रायश्चित्त झेपण्यासारखं नसेल तर तिथेच फादरना सांगून बदलून मागता येतं.

भरपाईबद्दल आमची शिकवण वरच्या दोघांशी जुळते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद 1459 सांगतो की पापमोचनाने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत द्यावं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव साफ करावं. बदनामीची भरपाई करणं सगळ्यांत अवघड, कारण ते चार घरं फिरून करावं लागतं. ज्या ग्रुपवर खोटं टाकलं त्याच ग्रुपवर ते खोटं होतं असं लिहावं लागतं. जिची बदनामी केली फक्त त्या बाईला खासगीत ‘सॉरी’ पाठवून भागत नाही.

उपवासाचे नियमही विचारतील. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे उपवासाचे दिवस. वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत बंधनकारक, एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा अगदी थोडं. मांसाहार वर्ज्य करणं वयाच्या 14 वर्षांपासून. बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस 46 भरतात. सहा रविवार धरत नाहीत, म्हणून 40.

जुनी_मंडळी

ताई, छान मांडलंत. एका ठिकाणी मात्र मी वेगळा उभा आहे आणि वर्गात ते लपवू नये असं वाटतं. योहान 20:23, म्हणजे ‘ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा करता त्यांची क्षमा झाली आहे’ हे वचन, तुम्ही धर्मगुरूंना दिलेला अधिकार म्हणून वाचता. आम्ही ते सुवार्तेच्या घोषणेला आणि मंडळीच्या शिस्तीला लावतो. कबुली देवापुढे, मध्यस्थ एकटा ख्रिस्त.

पण यातून आमच्या लोकांनी एक सोयीचा अर्थ काढला, की कोणालाच काही सांगायचं नाही. आमची परंपरा असं म्हणत नाही. अमेरिकन मिशनरी वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. पुढे हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, आणि त्या मिशनचा पाया वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची अधिकृत मांडणी, 1640 च्या दशकातली. त्याचा पंधरावा अध्याय पश्चात्तापावर आहे, सहा कलमांचा. पाचवं कलम स्पष्ट सांगतं की ढोबळ पश्चात्तापावर समाधान मानू नये, प्रत्येक पापाचा वेगवेगळा पश्चात्ताप करावा. सहावं कलम सांगतं की ज्याने भावाला किंवा मंडळीला दुखावलं त्याने खासगीत किंवा जाहीर कबुली द्यायला तयार असावं, आणि समोरच्यांनी त्याच्याशी समेट करून त्याला प्रीतीने स्वीकारावं. हा शेवटचा भाग आपण विसरलो. माणूस कबूल करतो आणि पुढची वीस वर्षं मंडळी त्याला तेच ऐकवते.

रविवारच्या उपासनेत सगळ्यांनी मिळून पापांगीकार म्हणतो, तो ढोबळच असतो, असायलाही हवा. पण त्याच्या आधी एक मिनिट शांतता ठेवा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. पुष्कळ ठिकाणी पाच सेकंदांत पुढचं वाक्य सुरू होतं आणि नेमकं पाप आठवायला वेळच मिळत नाही.

कबुली कोणासमोर, याचं साधं माप असं. पाप जितक्या लोकांपर्यंत पोचलं तितक्यांसमोर कबुली. मनातलं देवाजवळ. एकाचं नुकसान झालं तर त्या एकाजवळ. मंडळीचा पैसा खाल्ला तर मंडळीसमोर. समोरच्याने आपल्याविरुद्ध पाप केलं असेल तर मत्तय 18:15-17 चा क्रम: आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, आणि शेवटी मंडळीला. हा क्रम उलटा होतो तेव्हा निम्मी भांडणं पेटतात. आधी कमिटीत, मग बाजारात, आणि त्या माणसाला सर्वांत शेवटी कळतं.

संजीवन (आत्मिक जागृतीच्या) सभांतल्या जाहीर साक्षींबद्दल सावध करतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 मध्ये संजीवन झालं, तेव्हा पापांची कबुली हा त्याचा मोठा भाग होता, आणि ते काम खरं होतं. पण माईकवर व्यभिचार कबूल करताना दुसऱ्या व्यक्तीचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील सांगणं हे नवं पाप आहे. त्यात बहुतेक वेळा एखाद्या बाईचं आयुष्य उघडं पडतं. तसं घडायला लागलं तर सभा चालवणाऱ्याने तिथेच थांबवावं.

अभ्यासवर्ग_शाहूपुरी

सर्वांचे आभार. ‘पोचलं तितक्यांसमोर’ हे माप फार उपयोगी आहे. वधस्तंभाने पाप कसं मिटलं हे समजावताना न्यायाधीशाचा दाखला देतात: न्यायाधीशाने दंड ठोठावला आणि स्वतःच्या खिशातून भरला. तो वापरावा का? आणि पुराचं राहिलं.

लेवीय_वाचक

वापरा, पण एकटा नको. मंडळीने दोन हजार वर्षांत हे अनेक अंगांनी सांगितलंय. सुरुवातीच्या शतकांत भर होता ख्रिस्ताने मृत्यू आणि सैतान यांच्यावर विजय मिळवून बंदिवानांना सोडवलं यावर (मार्क 10:45, कलस्सै 2:15). 1098 च्या सुमारास आन्सेल्म या धर्मपंडिताने मांडलं की पापाने देवाचा मान हिरावला, तो फेडणं माणसाचं देणं होतं आणि फेडणं फक्त देवालाच शक्य, म्हणून देव माणूस झाला. त्याच्यानंतरचा धर्मपंडित आबेलार्ड याने भर दिला तो वधस्तंभावरची प्रीती पाहून पालटणाऱ्या अंतःकरणावर. प्रॉटेस्टंट सुधारणावाद्यांनी शिक्षेची बाजू ठळक केली: आमच्या जागी त्याने शिक्षा सोसली (यशया 53).

न्यायाधीशाच्या दाखल्याचा धोका असा की ऐकणाऱ्याला वाटतं, बाप रागावलेला आणि पुत्र मधे पडलेला. करिंथकरांस दुसरे पत्र 5:19 लगेच जोडा, देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा समेट करत होता. आणि ज्यांच्या घरी पाप-पुण्याची वजाबाकी मानतात त्या मुलांना हे सरळ सांगा, की चांगल्या कृत्यांनी वाईट कृत्यं कापली जातात हा हिशेब बायबलमध्ये नाही. दान कितीही करा, दाबलेली मजुरी दाबलेलीच राहते (याकोब 5:4).

पंचगंगाकाठ

पुराबद्दल लूक 13:1-5 वाचा, दुसरं काही आधी वाचू नका. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली. येशू विचारतो, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हांला वाटतं का? उत्तर स्वतःच देतो, नाही. आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. योहान 9:3 मध्येही जन्मांधाच्या बाबतीत तो माणूस किंवा त्याचे आईबाप यांच्यावर दोष येऊ देत नाही. बापाचं पाप मुलाच्या डोक्यावर घालणाऱ्यांसाठी यहेज्केल 18 आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्यापैकी कोणी वर्गात असेलच. त्यांच्यासमोर ‘देवाचा कोप’ हा शब्द काढू नका. पुराच्या संदर्भात पापाबद्दल बोलायचंच असेल तर नदीपात्रात भराव टाकणाऱ्याने आणि मदतीच्या यादीत खोटी नावं घालणाऱ्याने स्वतःला तपासावं. त्याला नाव आहे, आकडा आहे, आणि भरपाईही शक्य आहे.

वेदीजवळ

एक विषय राहतोय. वर्गात एखादं माणूस असं असतं की ज्याला क्षमा झाल्याचं पटतच नाही. तेच पाप पुन्हा पुन्हा सांगतं, दिवसातून दहा वेळा प्रार्थना मोजतं, चुकली की पहिल्यापासून. अशांना आणखी आत्मपरीक्षण द्यायचं नाही, ते विष ठरतं. एकच धर्मगुरू किंवा पाळक धरायचा, एकदा कबूल झालेलं पुन्हा काढायचं नाही, आणि झोप, जेवण, काम बिघडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. तो मंत्रचळ असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

करिंथकरांस दुसरे पत्र 7:10 इथे कामाला येतं. देवाप्रीत्यर्थ दुःख पश्चात्तापाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. यहूदाने येशूला धरून दिलं, पेत्राने त्याला नाकारलं; दोघांनी एकाच रात्री पाप केलं आणि दोघेही हळहळले. यहूदाने तर चांदीची तीस नाणी परतही केली, पण ती घेऊन तो याजकांकडे गेला, येशूकडे नाही. पेत्र मात्र पुन्हा किनाऱ्यावर येशूकडे आला (योहान 21).

अभ्यासवर्ग_शाहूपुरी

शेवटचे दोन. भिशीचे पैसे खाल्लेला माणूस आहे, सभासद पांगलेत आणि एकरकमी द्यायला त्याच्याकडे नाहीत. आणि दुसरं, कोणी लहान मुलावरचा अत्याचार वर्गात कबूल केला तर?

जुनी_मंडळी

दुसऱ्याचं आधी, कारण तिथे उशीर चालत नाही. पॉक्सो कायदा 2012, कलम 19. असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं कलम 21 खाली शिक्षेस पात्र. पाळक, वडील (मंडळीचे निवडलेले पुढारी), वर्ग चालवणारा, कोणालाही यातून सूट नाही असं धरूनच वागा. म्हणून वर्गाच्या पहिल्याच दिवशी सांगून टाका की इथलं सगळं गुप्त राहील, हा विषय सोडून. मूल त्या माणसापासून लगेच दूर ठेवा. त्या माणसाला मुलासमोर माफी मागायला उभं करू नका, आणि मुलाला ‘क्षमा कर’ म्हणू नका. पश्चात्ताप खरा असेल तर तो पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायाने जाईल. चाइल्डलाइनचा नंबर 1098, तो फळ्यावर कायम लिहून ठेवा.

भिशीचं जमण्यासारखं आहे. जुनी वही मिळवा, नसेल तर दोन जुन्या सभासदांना बसवून यादी करा: नाव, भरलेले हप्ते, उचललेली रक्कम, बाकी. प्रत्येकाच्या बाकीत पाचवा हिस्सा घाला. 12 जणांचे प्रत्येकी 5,000 अडकले असतील तर 60,000 अधिक 12,000, म्हणजे 72,000. महिन्याला 3,000 झेपत असतील तर 24 महिने. सर्वांत गरजू सभासदाचं आधी. प्रत्येकाला स्वतः भेटून किंवा फोन करून सांगायचं, निरोप पाठवायचा नाही. गावं सोडून गेलेल्यांचे पत्ते त्यांच्या नात्यातून निघतात. कोणी वारला असेल तर वारसाला. कोणी घ्यायला तयारच नसेल तर जबरदस्ती करू नये. ती रक्कम कुठे द्यायची ते त्यालाच विचारावं, आणि दिल्याची पावती त्याला दाखवावी. मंडळीतल्या एका वडिलांनी दर महिन्याला वही तपासावी, कारण पाचव्या-सहाव्या हप्त्याला हात आखडतो.

आणि या 24 महिन्यांत त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवू नका. कबूल केलंय, देणं सुरू केलंय, मेजावर त्याची जागा आहे.